घरात ठेवलेले नंबर

“माणूस पाण्यावर गेला तरी त्याचा नंबर घरात राह्यला पायजे,” असं सत्यवती एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती सहज, तांदूळ निवडता निवडता. पण पाणदरीच्या बायकांनी ते उचलून धरलं, आणि पुढे ती त्या गावाची रीतच होऊन बसली.

पाणदरी मुरुड आणि तळा यांच्या मधे आहे, खाडी जिथे आत शिरून अरुंद होते आणि पाणी चिखलाच्या रंगाचं होतं, तिथे. मागे डोंगर, समोर खारफुटी, आणि मधल्या ओलसर पट्टीत सगळी घरं एकमेकांना चिकटून. तिथे फोन लागत नाही. डोंगर आवाज अडवतो असं म्हातारे म्हणतात. एकच घर वर टेकाडावर आहे, विठोबाचं. त्या घराच्या पडवीत उजव्या खांबाशी बसलं की फोनला रेंज येते, दोन पावलं अलीकडे सरकलं की जाते. सत्यवती ही विठोबाची सून.

गावातले बहुतेक तरणे पुरुष आखातात, तेलाच्या विहिरींना सामान पोचवणाऱ्या बार्जवर आणि टगवर. भाताचं एक पीक निघतं, तेही खाऱ्या पाण्याने बांध फोडला नाही तर. म्हणून बाप गेले तसे मुलगे गेले. जहाजावर मोबाइलची रेंज नसते, जहाजाचं वायफाय असतं. सिम सोबत नेलं तर ते नुसतं फोनमध्ये मुकं पडून राहतं. आणि बँकेचा आकडा, ओटीपी, येतो तो सिमवरच. मग करायचं काय? सिम घरी ठेवायचं. व्हॉट्सअॅप त्याच नंबरावर चालू करून फोन घेऊन जायचा. बँकेचा आकडा इकडे आला की बायकोने तो तिकडे कळवायचा. पण आकडा यायला रेंज हवी, आणि रेंज सत्यवतीच्या पडवीत. अशी हळूहळू सगळ्या घरांची सिमं तिच्याकडे आली.

तिने ती सासूच्या पितळी पानाच्या डब्यात ठेवली होती. सासू गेल्यावर डब्यातली सुपारी, कात, लवंगा संपल्या, पण खण होतेच. प्रत्येक सिम कागदात गुंडाळलेलं, वर रंगीत दोरा. रंगूच्या नवऱ्याचा, सदूचा, लाल, पूनमच्या नवऱ्याचा पिवळा, असं. कुणी आलं की ती दोरा सोडायची, सिम जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालायची, खांबाशी नेऊन धरायची. त्या सिमवर काय काय येऊन पडलेलं असायचं ते तिला दिसायचं. कुणाला कोण वेळीअवेळी फोन करतं, कुणी कुणाला काय लिहिलंय. ती ते वाचायची आणि गिळायची. तिच्या तोंडून या कानाचं त्या कानाला कधी गेलं नाही, म्हणून तर डबा तिच्याकडे होता. उंच, हाडकुळी बाई, बोलणं कमी. माहेर तळ्याचं. मूलबाळ नाही. त्यावरून टोमणे झाले, तेही तिने असेच गिळले.

डब्यातल्या मधल्या खणात पांढऱ्या दोऱ्याचं एक सिम होतं. ते येसाजीचं. तिच्या नवऱ्याचं.

येसाजी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बार्जवर गेला. वर्षाकाठी दोन महिने यायचा, आंब्याच्या दिवसांत. मागल्या खेपेला गेला तो परत आला नाही. कंपनीने करार वाढवला, म्हणाला. गणपतीलाही आला नाही. त्याने बँक बदलली होती, तिचा आकडा दुसऱ्याच रस्त्याने येतो म्हणाला, त्यामुळे पांढरा दोरा सोडायची वेळच येत नव्हती. सत्यवती नुसती दर महिन्याला आपल्या फोनवरून त्याच्या नंबराचा रिचार्ज भरायची. भरला नाही तर नंबर जातो, दुसऱ्याला देतात, हे तिला माहीत होतं. तिला त्याची भीती वाटायची. कुणी परका येसाजी होऊन बसेल, अशी.

आणि तो बोलत मात्र होता. रोज संध्याकाळी त्याचा आवाज यायचा. फोन नाही, आवाजाचा निरोप. बंदरात तिकडच्या सरकारने इंटरनेटवरून बोलायला बंदी घातली आहे, म्हणायचा. आवाज भरून पाठवता येतो, समोरासमोर बोलता येत नाही. दुसरे पुरुषही तेच सांगत, म्हणजे बंदी खरी होती. फरक इतकाच की बार्ज खोल पाण्यात गेली की दुसरे पुरुष मधेच कधीतरी व्हिडिओवर तोंड दाखवायचे. येसाजीला ते कधी जमलं नाही.

विठोबाला त्याचं काही नव्हतं. म्हातारा फोन कानाला लावायचा आणि भरलेल्या आवाजाशी बोलायचा. मुलगा म्हणायचा, बाबा, जेवलात का, आणि म्हातारा म्हणायचा, व्हय रे, जेवलो. मुलगा त्याच्या उत्तरासाठी थांबत नसे. म्हातारा मात्र आपलं उत्तर पुरं करायचा, आणि निरोप संपल्यावर फोन थोडा वेळ तसाच कानाशी धरून ठेवायचा.

नियमाची बातमी पोलीस पाटलांनी आणली. शिमग्याच्या आधीची गोष्ट. ते पडवीत बसले आणि मोबाइलवरून वाचून दाखवू लागले. परदेशात बसलेले लोक आपल्याकडचे नंबर वापरतात, पोलीस म्हणून, बँकवाले म्हणून लोकांना घाबरवतात, लुटतात. म्हणून सरकारने ठरवलंय, ज्या नंबरावर अॅप चालतं त्याचं सिम त्याच फोनमध्ये असलं पाहिजे. नसेल तर अॅप बंद. बायका ऐकत होत्या. समजायला वेळ लागला. मग पाटलांनी वर आणखी सांगितलं की दुसऱ्यांची सिमं एका घरात सापडली तर पोलीस विचारणारच, हल्ली दिवस वाईट आहेत.

“मंग सत्यवतीला पयली नेतील,” पूनम म्हणाली. “सगळ्या गावाचं नवरं तिच्या डब्यात हायत.”

बायका हसल्या. सत्यवतीही हसली. पण पाटील उतरून गेल्यावर तिने डबा उचलून आतल्या खोलीत नेला आणि तांदळाच्या पिंपात ठेवला. कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. खाडीकडून त्या दिवसांत कुजलेल्या शेवाळाचा वास यायचा. तो आत, तांदळापर्यंत पोचला होता.

मुरुडचा एक इंजिन मेकॅनिक त्याच कंपनीच्या बार्जवर कामाला होता, सुट्टी संपवून निघणार होता. सिमं त्याच्यासोबत पाठवायची असं ठरलं. विमानाने जाईल, मग बंदरातून, बार्जना पाणी पोचवणाऱ्या बोटीने, एकेका बार्जवर पोचेल. जरा दिवस लागतील, पण पोचतील. सत्यवतीने डबा परत पडवीत आणला आणि पाठवण्याआधी एकेक सिम बटणांच्या फोनमध्ये घालून पाहिलं. लाल दोरा, पिवळा दोरा, हिरवा. प्रत्येक वेळी पडदा जरा वेळ कोरा राहायचा आणि मग कोपऱ्यात काड्या उभ्या राहायच्या. नंबर जिवंत आहे.

पांढऱ्या दोऱ्याला काड्या आल्या नाहीत.

तिने सिम काढलं, पदराने पुसलं, पुन्हा घातलं. खारी हवा लोखंड खाते, हे तर बोटाच्या नखाएवढं. खोडरबराने हलकं घासलं. फोन बंद करून चालू केला. खांबाला अगदी पाठ लावून उभी राहिली. सिमची नोंद नाही, एवढंच पडद्यावर येत होतं. बाकीची सिमं त्याच डब्यात, त्याच हवेत होती. ती सगळी जिवंत होती.

तिने येसाजीला लिहिलं की तुमचं सिम खराब झालंय, इथून पाठवता येणार नाही, आता तुमचं अॅप बंद पडेल, काय करू. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. माझं राहू दे, कंपनीने सोय केलीय, माझं काही बंद होत नाही. तिने ते दोनदा ऐकलं. मागे वारा वाजत होता. त्याच्या निरोपात नेहमीच वारा असायचा.

मेकॅनिक बाकीच्या सिमांची पुडी घेऊन गेला, आणि तो तिकडे पोचायच्या आत इकडचं सगळं बंद झालं.

एकदम झालं नाही. आज एकीच्या नवऱ्याचं अॅप गेलं, उद्या दुसरीच्या. बायका नेहमीसारख्या संध्याकाळी वर यायच्या, खांबाजवळ दाटीवाटीने बसायच्या, फोन मांडीवर पालथे. पूर्वी कुणाचा ना कुणाचा वाजायचाच. आता खाली बगळे झाडावर उतरतानाचा फडफडाट ऐकू यायचा. एकदोघींना कुणा परदेशी खलाशाच्या फोनवरून नवऱ्याची ओळ आली, ठीक आहे एवढीच. बाकीच्यांना तेवढंही नाही. आणि त्या शांततेत, रोजच्या वेळेला, सत्यवतीचा फोन वाजायचा.

सगळ्या वळून बघायच्या.

“तुझाच कसा गो चालू?” पूनमने एकदा विचारलं. आवाज हसरा होता, डोळे नव्हते. “सरकार तुझ्या माहेरचं काय?”

कंपनीने सोय केलीय, सत्यवती म्हणाली. पूनम म्हणाली, कंपनी तर एकच आहे सगळ्यांची. त्यावर विठोबाने आतून सांगितलं की येसाजी पहिल्यापासून साहेबांच्या मर्जीतला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत एक तकाकी आली होती. साऱ्या गावात बोलणारा मुलगा एकट्याचा होता.

रंगू काही विचारत नव्हती. रंगू आणि सत्यवती एकाच वर्षी नांदायला आलेल्या, एकमेकींच्या घरचं सगळं ठाऊक असलेल्या. सदूचा शेवटचा निरोप सत्यवतीनेही ऐकला होता. पोटात कळ मारतेय, म्हणाला होता, उजव्या अंगाला. कॅप्टन म्हणतो गॅस आहे. मग अॅप गेलं. तेव्हापासून रंगूला अन्न गोड लागत नव्हतं. बेलापूरला कंपनीच्या एजंटचं ऑफिस आहे, तिथे जाते, पायरीवर बसते, माझ्या माणसाला किनाऱ्यावर नेऊन डॉक्टरला दाखवा म्हणते, असं तिच्या मनाने घेतलं. बायकांनी अडवलं. ऑफिसात जाऊन आरडाओरडा केला तर सदूची नोकरी जायची. त्यापेक्षा येसाजी आहे ना. दुसऱ्या बार्जवर असला तरी पाणी देणारी बोट सगळीकडे फिरते. सत्यवती त्याला विचारेल.

सदूने मागे एकदा रंगूला सांगितलं होतं की येसाजी बऱ्याच दिवसांत दिसला नाही. तेव्हा दोघी म्हणाल्या होत्या, समुद्र काय आपल्या खाडीएवढा आहे?

सत्यवतीने येसाजीला निरोप टाकला. सदूला बघून या, पोटात दुखत होतं, रंगू बेलापूरला निघालीय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढऱ्या दोऱ्याचं सिम कनवटीला लावून तळ्यावरून माणगावला जाणाऱ्या एसटीत बसली. कंपनीने सोय केली असली तरी घरातला नंबर मेलेला राहू नये, एवढंच तिच्या मनात होतं. निदान, स्वतःला तिने तसं सांगितलं.

माणगावच्या दुकानात काउंटरवर अमिषा नावाची मुलगी होती. नाव छातीवर लावलेलं होतं, बोलणं भराभर आणि प्रेमळ. तिने नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं.

“काकू, हे सिम बंद झालंय. पण नंबर चालू आहे.”

“म्हंजे?”

“म्हणजे ह्या नंबरवर दुसरं सिम दिलंय. गेल्या वर्षी, गणपतीच्या आधी. बेलापूरच्या बाजूला, कामोठ्याच्या दुकानातून.”

सत्यवतीने विचारलं की दुसऱ्या कुणी तिथे जाऊन घेतलं असेल का. घेता येत नाही, अमिषा म्हणाली. माणूस स्वतः उभा राहावा लागतो, अंगठा लागतो, तिथल्या तिथे फोटो काढतात. सत्यवती म्हणाली, माझा माणूस जहाजावर आहे. मुलगी पुन्हा पडद्याकडे वळली. तिथे एक चेहरा असणार. सत्यवतीला पडदा दिसत नव्हता, मुलीच्या चष्म्यात फक्त एक उजळ चौकोन दिसत होता. अमिषाने तो मिटवला.

“मला एवढं पण सांगायची परवानगी नाही, काकू,” ती हळू आवाजात म्हणाली. “बसा जरा. पाणी देऊ?”

परतीच्या गाडीत सत्यवतीला खिडकी मिळाली. शेतं जाळून काळी केलेली होती, राब भाजायचे दिवस. ती कामोठ्याचा विचार करत नव्हती. कामोठं तिने पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे कोण असेल, कुठलं दार, दारात कुणाच्या चपला, हे तिला रंगवता येईना. तिला आठवत होता गेल्या गणपतीतला त्याचा आवाज. इथे नुसतं पाणी आहे, म्हणाला होता, आरतीचा आवाज पाठव. तिने आरती चालू असताना फोन वर धरून ठेवला होता, हात भरून येईपर्यंत. तो तेव्हा एसटीच्या अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होता. त्याच्या रस्त्यावरही आरत्या चालू असतील. आणि दर महिन्याला नंबर तिने भरला होता. मेलेलं सिम जगवते आहे असं तिला वाटत होतं; जगत होतं ते कामोठ्याचं, आणि ते त्याच्याच फोनमध्ये होतं म्हणून त्याचं अॅप बंद पडलं नव्हतं.

हेही तिला गिळता आलं असतं. गिळायची तिला सवय होती. पण तिने कालच त्याला सदूकडे पाठवलं होतं.

गाव आलं तेव्हा उन्हं उतरली होती. ती चढण चढू लागली. चढून पडवीत उजव्या खांबाशी आली. तिथे कमरेला फोन थरथरला. तिने तो काढला नाही. पडवीत रंगू बसली होती, शेजारी कापडी पिशवी भरून तयार. सकाळच्या गाडीने बेलापूरला निघायचं ठरवून आली होती, फक्त येसाजीचं उत्तर ऐकायला थांबली होती. विठोबा तिला धीर देत होता.

“आला का गो निरोप?” रंगूने विचारलं.

सत्यवतीने फोन तिच्यासमोर धरला आणि बोट टेकवलं. तिनेही तो तेव्हाच ऐकला.

“सत्यवती, सदू काल भेटला. पाण्याच्या बोटीनं त्यांच्या बार्जवर गेलो व्हतो. पोट बरं हाय त्याचं. माझ्यासंगं बसून भात जेवला. रंगू वैनीला सांग, बेलापूरला जायची गरज न्हाय. उगाच कंपनीच्या डोळ्यावर येईल.”

मागे वारा होता. सत्यवती या वेळी वाराच ऐकत राहिली. पंखाही असू शकेल. खिडकीचा पडदाही असू शकेल.

त्याने बेलापूर का अडवलं हे तिला तिथेच कळलं. रंगू ऑफिसात गेली असती तर येसाजीचं नाव तिने काढलंच असतं, आणि तिथल्या माणसाने मान वर करून विचारलं असतं, कोण येसाजी?

रंगू म्हणाली, परत लाव. सत्यवतीने परत लावलं. भात जेवला, हे आल्यावर रंगू हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. विठोबा म्हणाला, बघ, सांगत नव्हतो? मग रंगूने पिशवी मांडीवर घेतली आणि सत्यवतीकडे वळली.

“तुला काय वाटतं गो, सत्ये? जाऊ का नको?”

एवढं सोपं होतं ते. एक शब्द पुरला असता. जा, म्हणायचं, का ते सांगायचीही गरज नव्हती. पण मग रंगूने का म्हणून विचारलं असतं, आणि म्हातारा समोर बसलेला होता, त्याच्या चेहऱ्यावर ती तकाकी. आणि उद्यापासून पडवीत बसणाऱ्या बायका. पूनमचे डोळे. साऱ्या गावाचे नवरे जिने सांभाळले, तिला स्वतःचा गेलेला कळला नाही.

“जेवला म्हनतात तर बरा असंल,” सत्यवती म्हणाली.

रंगूने पिशवी उपसली. आतली दशमी तिने विठोबाला दिली.

त्यानंतर सत्यवती रोज खाली उतरायची. आज सांगू, असं म्हणून. रंगूच्या अंगणापर्यंत जायची. रंगू आंबोशी वाळत घालत असायची, सदू आल्यावर त्याला लागते म्हणून, आणि वर मान करून म्हणायची, ये गो. तिचा चेहरा निवळलेला असायचा. सत्यवती पायरीवर बसायची, आंबोशीच्या फोडी उलट्या करू लागायची, आणि उठून परत यायची. चढण तिला पूर्वी कधी लागली नव्हती.

येसाजीला तिने लिहिलं, कामोठ्याला सिम कधी घेतलंत. लिहिलेलं पोचल्याची खूण झाली, मग वाचल्याची. त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी म्हाताऱ्यासाठी आवाज आला. बाबा, आज समुद्र खवळलाय, जेवलात का. विठोबा म्हणाला, व्हय रे, जेवलो. सत्यवती चुलीपुढे बसून ऐकत होती. ज्याने तिचं लिहिलेलं वाचलं होतं तोच हे बोलत होता, त्याच आवाजात, एक श्वास इकडचा तिकडे न होता. तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

मग मेकॅनिक तिकडे पोचला. एकेका बार्जवर पुडी उघडली गेली असेल, कारण एकेका संध्याकाळी पडवीतले फोन पुन्हा वाजू लागले. पूनमचा वाजला तेव्हा ती खांबाला धरून रडली आणि नवऱ्याला शिव्या घातल्या. हिरव्या दोऱ्याचा वाजला. रंगू पुढे सरकून बसली. लाल दोऱ्याचा वाजला नाही. रंगू म्हणाली, उद्या.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील मुरुडला गेले असताना त्यांना बंदरातून फोन आला. मेकॅनिक बोलत होता. सदूचं सिम त्याच्याकडेच राहिलं होतं, द्यायला माणूस नव्हता. अपेंडिक्स आत फुटलं होतं. कितीतरी दिवस बार्जवर पडून होता, पोटात पाणी ठरत नव्हतं, किनाऱ्यावर उतरवा म्हणत होता. कॅप्टन ऑफिसकडे बोट दाखवत होता आणि ऑफिसकडून काही येत नव्हतं. इकडून कुणी मागे लागलं असतं तर ऑफिस हललं असतं, असं मेकॅनिक म्हणाला. इस्पितळात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

म्हणजे भात जेवला म्हणून निरोप आला तेव्हा सदू जिवंत होता, आणि पडून होता.

ते गावालाही कळलं. सत्यवती वाट पाहत राहिली की आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. रंगूच्या घराकडे उतरताना पूनमच म्हणाली, येसाजी भावजींनी रंगूच्या जिवाला लागू नये म्हणून तसं सांगितलं असेल, चांगला माणूस. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्याच्या खोट्याला गावाने आपणहून जागा करून दिली होती.

रंगूच्या ओटीवर बायका बसल्या होत्या, पुरुष अंगणात. मयत अजून तिकडेच; कागद व्हायचे होते. मधे रंगू, केस सुटलेले, डोळे कोरडे. सत्यवती भिंतीशी बसली. तेवढ्यात वरून विठोबा आला, काठी टेकत, धापा टाकत, हातात सत्यवतीचा फोन. येसाजीला त्याने स्वतःच आवाज भरून बातमी कळवली होती आणि उत्तर आलं होतं. रंगूसाठी आहे, तो म्हणाला. सगळ्यांदेखत म्हणाला. फोन त्याने सुनेच्या हातात दिला, लाव.

इथे खाली रेंज नव्हती, पण निरोप फोनमध्ये उतरलेला होता. सत्यवती काही करेना तशी पूनमने हात पुढे करून बोट टेकवलं.

“रंगू वैनी, मी येसाजी. सदूच्या शेवटाला मी जवळ व्हतो. माझ्या हातानं पानी पाजलं त्याला. तुझंच नाव घेत व्हता.”

ओटीवर हुंदके फुटले. रंगूने सत्यवतीच्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. खूप वेळ तशीच डुलत राहिली. मग म्हणाली, तुझा माणूस होता म्हणून गो, नाहीतर परक्या मुलखात एकटाच गेला असता. विठोबा अंगणातून म्हणाला, पाणी पाजलं माझ्या पोरानं. कुणीतरी म्हणालं, पुण्य लागलं.

रंगूने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“सत्ये, त्याला इचार ना,” ती म्हणाली. “आनखी काय बोलला सदू?”

फोन तिने पुढे केला. बायका सरकल्या, वाट झाली, सगळे चेहरे सत्यवतीकडे वळले. पडदा अजून उजळ होता. सत्यवतीने फोन घेतला नाही. ती भिंतीला हात टेकून उठली, पदर सावरला, रंगूच्या पुढे केलेल्या हातावरून एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. अंगणातून म्हाताऱ्याने हाक मारली, सुनबाई, सांग की तिला. सत्यवती बायकांच्या मधून ओटीच्या पायऱ्या उतरली, अंगणातल्या पुरुषांच्या समोरून गेली, आणि बाहेर पडली.